कोंजॅक नूडल्सना मासळीसारखा वास का येतो? सॉस का धरत नाही? भाज्यांचा पर्याय आहे का?

तुम्ही लिहिलंय की रक्तातली साखर वाढल्यामुळे मैदा बंद केला, कोंजॅक (शिराताकी) नूडल्सची पाकिटं मागवली, दोन मिनिटं उकळून सॉसमध्ये टाकल्या, आणि हाती आलं काय तर मासळीचा वास, रबरासारखा चावा आणि ताटाच्या तळाशी सॉसचं पाणी. पाकीट खराब नव्हतं. या नूडल्स शिजवायच्या नसतातच, त्या पाकिटात आधीच तयार असतात. त्या सुकवायच्या असतात. भाज्यांच्या नूडल्सचंही तेच. कमी कर्बोदकांचा कोणताही पर्याय घ्या, बिघडवतं ते पाणी.

कोंजॅक हा आपल्या सुरणाचा चुलतभाऊ. त्याच्या पिठात ग्लुकोमॅनन नावाचा तंतू असतो, तो स्वतःच्या कित्येक पट पाणी शोषतो. त्यात चुन्याची निवळी घातली की न वितळणारा जेल तयार होतो आणि तोच साच्यातून काढतात. म्हणजे नूडल्समध्ये सुमारे ९७ टक्के पाणी आणि ३ टक्के तंतू. १०० ग्रॅमला साधारण १० कॅलरी, कधी त्याहूनही कमी. (सुरण किसून हे जमेल का, असं कुणीतरी विचारणारच. नाही जमणार. सुरणात मुख्यतः स्टार्च असतो.)

वास येतो तो पिठातल्या अमाइन्स नावाच्या नायट्रोजनयुक्त संयुगांचा. पाकिटातलं पाणी चुन्यामुळे अल्कधर्मी असतं, त्यात ही अमाइन्स मोकळी होऊन हवेत उडतात. आम्ल मिळालं की त्यांचा क्षार होतो, तो उडत नाही आणि धुऊन जातो. म्हणून नुसत्या पाण्याने कितीही धुतलं तरी थोडा वास मागे राहतो आणि व्हिनेगर लावलं की जातो.

आता कृती, निथळलेल्या २०० ग्रॅम नूडल्ससाठी. पाकिटातलं पाणी ओतून द्या. नूडल्स बारीक चाळणीत घेऊन वाहत्या पाण्याखाली हाताने चोळत एक-दोन मिनिटं धुवा. अर्धा लिटर पाण्यात एक मोठा चमचा पांढरं व्हिनेगर घालून त्यात पाच मिनिटं ठेवा, पुन्हा धुवा. व्हिनेगर नसेल तर लिंबाचा रस चालतो. मग उकळत्या पाण्यात तीन मिनिटं. निथळल्यावर कात्रीने दोन-तीन ठिकाणी कापा. ही पायरी गाळू नका. लांब नूडल्स दाताने तुटत नाहीत, माणूस न चावता गिळतो.

यापुढची पायरी बहुतेक जण सोडतात आणि तिथेच घोळ होतो. लोखंडी कढई किंवा बीडाचा पसरट तवा चांगला तापवा, तेल अजिबात नको, आणि नूडल्स पसरून टाका. मध्यम ते मोठ्या आचेवर सहा ते आठ मिनिटं हलवत राहा. आधी भरपूर वाफ आणि चर्र आवाज येईल. वाफ विरळ झाली की नूडल्स ढवळताना कुईकुई वाजायला लागतात, तळाला किंचित चिकटतात, वरची चकाकी जाऊन त्या धुरकट दिसतात. तिथे थांबा. आधी तेल टाकलंत तर तेलाचा थर बसतो, पाणी आतच अडकतं आणि तेच पुढे सॉसमध्ये सुटतं. झाकण तर मुळीच ठेवू नका. नॉनस्टिक भांडं असेल तर ते रिकामं कडकडीत तापवू नका, नूडल्स घालूनच आच वाढवा. पाकिटं दोन असतील तर दोन घाण्यांत करा. गर्दी झाली की नूडल्स भाजल्या न जाता स्वतःच्याच वाफेत उकडतात.

आता सॉस. मैद्याच्या नूडल्स आपला स्टार्च सोडतात, त्याने सॉस दाटतो आणि चिकटतो. कोंजॅकमध्ये स्टार्चच नाही. त्यामुळे सोया सॉस-व्हिनेगरचं नेहमीचं पातळ मिश्रण घसरून तळाशी जातं. दाटपणा सॉसमध्ये आधीच हवा. वरच्या मापाला बिनसाखरेचं पीनट बटर किंवा अगदी बारीक दाण्याचं कूट दीड मोठा चमचा, सोया सॉस दोन छोटे चमचे, व्हिनेगर एक छोटा चमचा, किसलेला लसूण, तिखट आणि तीन मोठे चमचे गरम पाणी. कढईत एक उकळी आणा, चमच्याच्या पाठीवर थर धरायला लागला की नूडल्स घाला आणि दोन मिनिटं परता. नारळाचं घट्ट दूध, किंवा पालक वाटून त्यात थोडं चीज, हेही छान बसतं. हाक्का चवच हवी असेल तर शेवटी एक फेटलेलं अंडं घालून भराभर हलवा. अंडं नूडल्सवर पातळ बसतं आणि मसाला त्याला चिकटतो. सॉस दाटवायला कॉर्नफ्लोअर घालायला घाबरू नका, एका छोट्या चमच्यात दोन-अडीच ग्रॅमच कर्बोदकं. घाबरायचं ते केचपला: एका मोठ्या चमच्यात साधारण चार ग्रॅम साखर, आणि चायनीजमध्ये तो एका चमच्यावर कधी थांबत नाही.

मीठ आत मुरायला वेळ लागतो. सॉस घालून दहा मिनिटं तशाच ठेवल्या तरी फरक कळतो, फ्रिजमध्ये रात्रभर राहिल्या तर आणखी. डब्यासाठी हे सोयीचं आहे.

हिशेब मात्र पूर्ण करा. नूडल्सच्या २० कॅलरी, पण दीड मोठा चमचा पीनट बटरच्या दीडशेच्या आसपास. आणि प्रथिनं जवळजवळ शून्य, म्हणून पनीर, टोफू, अंडी किंवा चिकन सोबत हवंच. नुसत्या कोंजॅकवर जेवण उरकलंत तर थोड्या वेळाने फरसाणाचा डबा उघडाल.

भाज्यांबद्दल माझं स्पष्ट मत: हाक्कासाठी कोंजॅकपेक्षा कोबी सरस, शिवाय स्वस्त. पाव गड्डा पानांच्या लांबीच्या दिशेने तीन-चार मिलिमीटर रुंद चिरायचा, जाड देठ काढायचे. मोठ्या आचेवर एक चमचा तेलात दोन ते तीन मिनिटं, मीठ आणि सोया सॉस अगदी शेवटी. मीठ आधी पडलं की पाणी सुटलंच.

झुकिनीत ९५ टक्के पाणी असतं. ३०० ग्रॅम झुकिनी स्पायरलायझरवर (भाजीचे लांब धागे काढणारं साधन) काढा, किंवा सोलाण्याने लांब पट्ट्या काढून सुरीने उभ्या चिरा. मधला बियांचा मऊ भाग घेऊ नका. अर्धा छोटा चमचा मीठ लावून २० मिनिटं चाळणीत ठेवा, मग स्वच्छ कापडात घट्ट पिळा. तव्यावर दीड-दोन मिनिटांवर ठेवू नका, नाहीतर लगदा होतो. सॉस वेगळा गरम करून ताटात वरून घाला. कोवळ्या दुधीचंही असंच, फक्त तव्यावर तीन-चार मिनिटं लागतात. दुधी असो वा झुकिनी, चिरण्याआधी कच्चा तुकडा जिभेला लावून पाहा. कडू लागला तर सरळ टाकून द्या. तो कडूपणा विषारी असतो, शिजवून जात नाही. गाजर दिसायला सुंदर, पण १०० ग्रॅममध्ये नऊ-दहा ग्रॅम कर्बोदकं, त्यामुळे रंगापुरतंच.

अंडी खात असाल तर दोन अंडी, एक मोठा चमचा पाणी आणि चिमूटभर मीठ फेटून पसरट पॅनमध्ये कागदासारखं पातळ ऑम्लेट करा, गुंडाळी करून पाच मिलिमीटरवर कापा. सूपमध्ये घालायला हे उत्तम आणि कर्बोदकं जेमतेम एक ग्रॅम.

खरेदी करताना फसू नका. काचेसारख्या पारदर्शक मुगाच्या नूडल्स कोंजॅकसारख्या दिसतात, पण त्या शुद्ध स्टार्च असतात: कोरड्या १०० ग्रॅममध्ये ८० ग्रॅमहून जास्त कर्बोदकं. नाचणी, ओट्स किंवा 'मिलेट' नूडल्सनाही कमी कर्बोदकांच्या समजू नका, त्यांत अनेकदा गहूही असतो. मागच्या बाजूचा एकूण कर्बोदकांचा आकडा बघा, पुढच्या बाजूचं चित्र नव्हे.

पहिल्यांदा अर्धंच पाकीट खा, सोबत पाणी प्या. तंतूची सवय नसेल तर पोट फुगतं. गिळायला त्रास होणाऱ्यांनी आणि आतड्याचं अरुंद होणं किंवा अडथळा आधी झालेल्यांनी कोंजॅक टाळावं. तुम्ही मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेत असाल तर भात-पोळीच्या जागी हे सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोला. कर्बोदकं एकदम घटली आणि डोस तोच राहिला तर साखर खूप खाली येऊ शकते.

फोडलेलं पाकीट उरलं तर नूडल्स स्वच्छ पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवा आणि पाणी रोज बदला, दोन-तीन दिवस टिकतात. फ्रीझरमध्ये ठेवू नका. बर्फाने जेल फाटतो, पाणी बाहेर पडतं आणि उरतो तो स्पंज. जपानात कोंजॅक मुद्दाम असा गोठवून वाळवतात, पण तो पदार्थ वेगळा.