मुकादमाची वही

अंबाजोगाई
पोळ्याचा दुसरा दिवस

बाळा,

ऊसतोडीवरच्या तुझ्या कादंबरीची १८० पानं दोन रात्रींत वाचून काढली. काल पुन्हा हातात घेतली आणि बैलांच्या मिरवणुकीची हलगी ऐकत उरलेले शेरे लिहिले. पहाटे चारचा फड तू उभा केला आहेस तो खराच आहे. पाल्यावरचं दव अंगावर घेत सरीत शिरणारी बाई, बांधावर बाजल्याखाली झोपवलेलं लेकरू, गाडी रात्री एकला आली म्हणून पुन्हा उठून मोळ्या वाहणारी माणसं. हे ज्यानं पाहिलंय त्यालाच लिहिता येतं.

साखर कारखान्याला तोडणीची माणसं पुरवणारा तुझा मुकादम मात्र मला पटला नाही. नवव्या पानावर तो मिशा पिळतो, चाळिसाव्यावर बाईचा हात धरतो, शेवटी दारू पिऊन शिव्या देतो. इतका सोपा मुकादम मला उभ्या आयुष्यात भेटला नाही. तुझे वडील वीस वर्षं मुकादमी करतात, हे मला तू शाळेत होतास तेव्हापासून माहीत आहे. त्यांना इतकं काळं का रंगवलंस तेही कळलं. त्या पैशावर शिकल्याची टोचणी आहे तुला. ती असू दे, चांगली आहे. पण तिच्यावर उतारा म्हणून राक्षस लिहू नकोस. राक्षस लिहिला की वाचणारा म्हणतो, माणूस वाईट होता. आणि मग त्या माणसाच्या हातातली हिशेबाची वही कुणीच उघडत नाही.

ती वही तुझ्या घरात आहे. ज्यासाठी इतर लेखकांना गावोगाव हिंडावं लागेल ते तुझ्या घरात खुंटीला टांगलंय. ती उघड. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला. एक कोयता, म्हणजे नवरा-बायको दोघं मिळून, दिवसाला दोन टन तोडतात असं धर. ७३२ रुपये झाले. दोन माणसांचे, अंधारापासून अंधारापर्यंतचे. हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली उचल एक लाखाची असेल तर ती फिटायला १३७ दिवस लागतात, आणि हंगाम शंभर दिवसांत आटोपला तर सत्तावीस हजार अंगावर राहतात. त्यात आजारपणाचे खाडे, गावी मयत झाली म्हणून गेलेले दोन दिवस, किराणा. बाकी राहिली की पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जायचं. कुणी कुणाला साखळी घातलेली नाही, तरी घर सुटत नाही. तुझ्या कादंबरीचं कथानक हे आहे. तू ते सोडून आगीचा प्रसंग का घातलास?

मुकादमही या वहीत एक आकडाच आहे. कारखान्याकडून करार करून पैसे तो उचलतो, सही त्याची असते. कोयता पळाला तर भरणी त्याला करावी लागते. म्हणून तो रात्री चार माणसं घेऊन पळालेल्याच्या सासुरवाडीला जातो. तुझे वडील शेत गहाण ठेवून बसलेले मी पाहिलेत, आणि कुणाच्या दारात रात्री उभे राहिलेलेही ऐकलेत. दोन्ही एकाच माणसाबद्दल लिही. त्यांना निर्दोष करायला मी सांगत नाहीये. त्यांच्या कमिशनचा हिस्सा किती, आणि त्यांच्या वर बसलेल्यांचा किती, ते रुपयांत येऊ दे. म्हणजे वाचणाऱ्याला वर बघावं लागेल.

हे मला कुणी शिकवलं ते सांगते. माझ्या आईनं ११ हंगाम ऊस तोडला. मी डी.एड.ला असताना तिच्यावर एक गोष्ट लिहिली होती. त्यात ती बांधावर बसून पदरानं डोळे पुसते. सुट्टीत घरी आल्यावर तिला वाचून दाखवली. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मी कामून रडंन गं? मंग खेपा कोण मोजायचं?"

आई निरक्षर. प्रत्येक खेपेला एका चिंधीला ती गाठ मारायची. हंगाम संपताना मुकादमाच्या वहीत चार खेपा कमी निघाल्या. तिनं चिंधी समोर टाकली आणि संध्याकाळपासून टोळी झोपेपर्यंत भांडली. दोन खेपा मिळाल्या, दोन गेल्या. माझ्या गोष्टीत चिंधी नव्हती, भांडण नव्हतं, दोन खेपांचा विजय नव्हता. होते ते फक्त मी तिला दिलेले अश्रू. तिला अन्याय माझ्याआधी कळला होता, आणि आकड्यानिशी कळला होता. तुझ्या पात्रांना सोसता येतं ते मला दिसलं. त्यांना मोजता येतं, डाव टाकता येतो, आपसात खोटं बोलता येतं, हसता येतं, ते अजून पानावर यायचंय.

पिशवी काढण्याचं प्रकरण तू मनापासून लिहिलंयस, वाचताना मला पान बाजूला ठेवावं लागलं. पण चार पानं ऑपरेशनच्या टेबलावर गेली आणि पैसे कुणी भरले ते एका ओळीतही नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांत १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. या आकड्याच्या मागे प्रत्येक घरात एक बोलणं झालेलं असतं: पाळीचा खाडा, खाड्याचा दंड, दवाखान्याचा खर्च, आणि तो खर्च पुन्हा मुकादमाकडूनच उचल म्हणून. ती नवऱ्याशी झोपडीत, म्हणजे कोपीत, हळू आवाजात हे बोलते, ते लिही. डॉक्टरची कात्री नंतर येऊ दे, नाही आली तरी चालेल.

आता तिसरं प्रकरण. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या, आणि विद्यापीठाच्या पाटीवर बाबासाहेबांचं नाव यायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. हे सगळं तू सात पानं भाषणासारखं सांगितलं आहेस. आमच्या घरात तो इतिहास कसा आला माहितीय? त्या वर्षी गावानं आमच्या वस्तीचं काम बंद केलं, किराणा बंद केला. आईनं पहिली उचल त्याच दिवाळीत घेतली. तोवर आमच्या मांगवाड्यातून कुणी कारखान्याला गेलं नव्हतं. तुझ्या नायिकेची सासू फडात पहिल्यांदा का गेली, एवढंच तुला शोधायचंय.

आणि टोळी एक म्हणजे जात गेली, असं समजू नकोस. वंजारी, बंजारा, बौद्ध, मांग, आता मराठ्यांचीही घरं एकाच फडात राबतात, पण आमची कोपी दर हंगामाला सांडपाण्याच्या उतारावरच असायची. कुणी तसं सांगायचं नाही. तिथेच जागा उरलेली असायची.

आईचा बारावा हंगाम झाला नाही, तो गायरानामुळं. वडिलांनी गावच्या सरकारी गायरानातलं दीड एकर कसायला फोडलं होतं. दरवर्षी अतिक्रमणाचा दंड व्हायचा, दरवर्षी आई पावती ज्वारीच्या कणगीत खुपसून ठेवायची. पुढे बीडमध्ये दलित चळवळीतले कार्यकर्ते एकनाथ आवाड आणि मानवी हक्क अभियानाची माणसं गायरानासाठी उभी राहिली. २८ नोव्हेंबर १९९१ ला शासन निर्णय निघाला: १४ एप्रिल १९९० पूर्वीची भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करायची. पुरावा काय, तर दंडाच्या पावत्या. शिक्षा म्हणून भरलेला पैसाच कागद होऊन उभा राहिला. असं काही तुझ्या कल्पनेला सुचणार नाही, माझ्याही सुचलं नसतं. ते लोकांच्या कणगीतच सापडतं.

भाषेचं थोडक्यात. तुझी पात्रं "लई", "व्हतं" म्हणतात आणि निवेदक पुण्याचं बोलतो. त्यामुळं ती माणसं कुणीतरी उचलून दाखवल्यासारखी वाटतात. तू घरी आईशी बोलतोस तेच निवेदनात येऊ दे, "मपल्याला"सकट.

एक अवघड काम उरलं. वही वडिलांना विचारून घे, चोरून नको. नाही म्हणाले तर का नाही म्हणाले, ते लिही. हो म्हणाले तर शेजारी बसून एक एक नाव वाचून घे, आणि कुठल्या नावापाशी ते थांबतात तिकडे लक्ष ठेव. कादंबरीत खरं नाव एकही येता कामा नये, ती माणसं उद्या त्याच वहीत राहणार आहेत.

दसरा झाला की धारूरच्या रस्त्याला ट्रक लागतील. त्या रात्री तू ये, आपण दोघं जाऊ. तुझं टिपणवहीचं दप्तर घरी ठेव. लेकरं वर चढवायला आणि पाण्याचे हंडे हातात द्यायला माणसं कमी पडतात.

तुझी
बाई