बाळाची पापणी बघायला शीक

अगं, अंगणवाडीत नवीन लागली आहेस म्हणून सांगते. खानापूर भागात घरोघरी फिरताना बाळाच्या अंगात रक्त कमी आहे का हे ओळखायचं, तर बाळ गोरं की सावळं, यावर जाऊ नकोस. दारातल्या उजेडात बस, खालची पापणी हळूच ओढून आतला भाग बघ. तो लालसर हवा. फिक्का वाटला तर बाळाचा तळवा आईच्या तळव्याशेजारी धर. बाळ मलूल, किरकिरं असेल, माती चाटत असेल, तर हिमोग्लोबिन, म्हणजे अंगात रक्त किती आहे ते, तपासायला दवाखान्यात पाठवच. रक्त कमी व्हायला लागतं तेव्हा सुरुवातीला वरून बघून काहीच कळत नाही, हेही लक्षात ठेव.

रक्तासाठी लोह लागतं, आणि सहा महिन्यांनंतर ते नुसत्या आईच्या दुधातून पुरेसं मिळत नाही. नाचणी चांगलीच, पण सोबत मऊ डाळ, पालेभाजी, अंडं, वर लिंबाचे दोन थेंब हवेत. आणि ती चहात बुडवलेली बिस्किटं! आज्या प्रेमानं भरवतात, पण चहा लोह अंगी लागू देत नाही. भांडू नकोस, गोडीनं सांग.

सहा महिन्यांपुढच्या बाळाला लोहाचं सिरप आठवड्यातून २ वेळा, दर वेळी १ मिली. रक्त कमी निघालं तर डोस डॉक्टर ठरवतील. शी काळी होते म्हणून आया सिरप बंद करतात, ते आधीच सांगून ठेव. बाटली मात्र पोरांच्या हाती लागू देऊ नका म्हणावं, जास्त पोटात गेलं तर जिवावर बेततं.