पॅक-मॅनच्या आर्केड मशिनचा सर्किट बोर्ड सारखा रिसेट होतोय? आधी व्होल्टेज बघ

चिप बदलायची घाई अजिबात करू नकोस. पडद्यावर अक्षरांचा कचरा दिसून खेळ पुन्हा पुन्हा रिसेट होतोय, म्हणजे वॉचडॉग सर्किट आपलं काम चोख करतंय. प्रोग्राम भरकटला की ते झेड-80 ला, म्हणजे बोर्डावरच्या मुख्य प्रोसेसर चिपला, परत पहिल्यापासून सुरू करतं. प्रोग्राम का भरकटतोय, ते शोधायचं.

मल्टिमीटर झेड-80 च्याच पायांवर लाव: 11 वर प्लस, 29 वर ग्राउंड. 4.75 व्होल्टच्या खाली असेल तर पुढचं सगळं तपासणं फुकट. 1980 च्या या बोर्डांवर कडेचा 44 पिनांचा कनेक्टर तापून काळा पडलेला हमखास सापडतो. तिथले पट्टे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस, जळलेले असतील तर नवा सोल्डर चढव. सँडपेपर मात्र नको, उरलासुरला मुलामाही जाईल.

व्होल्टेज ठीक असेल तर 2114 रॅमवर, म्हणजे मेमरीच्या चिपांवर, संशय घे, त्या फार दगा देतात. खराब चिप सरळ उपटू नकोस रे, जुन्या बोर्डाचे ट्रॅक (तांब्याच्या बारीक रेषा) लगेच उखडतात. पाय कापून एकेक काढ आणि तिथे सॉकेट बसव.