लातुरात पाइपने गॅस देणारी कंपनी नेमकी कुणाची?

तुम्ही विचारलंय, लातुरात पाइपने गॅस देणारी कंपनी सरकारी की खाजगी, आणि मालक बदललाय म्हणतात तर अनामत भरावी का. मी लातूरचाच. आमच्या अपार्टमेंटमध्ये हाच प्रश्न निघाला तेव्हा सगळं खोदून वाचलं होतं.

लातूर आणि धाराशिव हे दोन जिल्हे मिळून पाइप गॅसच्या परवान्याचं एकच क्षेत्र आहे. अशा परवान्यांच्या २०१८ च्या नवव्या बोली फेरीत ते युनिसन एन्व्हायरो या कंपनीला मिळालं. तिच्यामागे नाशिकची अशोका बिल्डकॉन, म्हणजे रस्ते बांधणारी कंपनी, आणि मॉर्गन स्टॅन्ली या अमेरिकन बँकेचा गुंतवणूक निधी होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबईच्या महानगर गॅसने ५०० कोटींहून जास्त मोजून युनिसनचे सगळे शेअर घेतले. लातूरसोबत रत्नागिरी आणि कर्नाटकातले चित्रदुर्ग-दावणगेरेही महानगर गॅसकडे गेले.

आता महानगर गॅस कुणाची? १९९५ साली गेल (केंद्र सरकारची गॅस कंपनी) आणि ब्रिटिश गॅस यांनी ती उभी केली. ब्रिटिश गॅसचा वाटा पुढे शेल या परदेशी तेल कंपनीकडे गेला आणि २०१९ मध्ये शेल पूर्ण बाहेर पडली. आज गेलकडे ३२.५ टक्के, महाराष्ट्र शासनाकडे १० टक्के. बाकीचे शेअर २०१६ पासून बाजारात आहेत. दोन्ही मिळून ५१ टक्के भरत नाहीत, म्हणून कायद्याने ही सरकारी कंपनी नाही. पण कारभार कुणाच्या हातात ते बघा: आधीचे व्यवस्थापकीय संचालक संजीब दत्ता गेलमधून आले होते, त्यांच्यानंतर आलेले आशू शिंघलही गेलमधूनच. गेलमध्ये निम्म्याहून जास्त वाटा केंद्र सरकारचा. मला हा मुद्दा शेअरच्या टक्क्यांपेक्षा मोठा वाटतो.

छत्रपती संभाजीनगरच्या नातेवाइकांना हे लागू नाही. तिथला परवाना भारत पेट्रोलियमच्या उपकंपनीला मिळाला होता. २०२२ मध्ये ती भारत पेट्रोलियममध्येच विलीन झाली.

तुमची भीती मला कळते. २०१६ ला रेल्वेने पाणी आणावं लागलेलं हे गाव, घरात येणाऱ्या कुठल्याही पाइपवर चटकन विश्वास बसत नाही. पण शेअर विकले गेले तरी कंपनी तीच राहते, तिची देणीही. त्यामुळे जुन्या मालकाच्या काळात भरलेली अनामत बुडत नाही. फक्त पावतीवर ही रक्कम परत मिळणारी आहे असं लिहिलंय ना ते बघा, आणि नोंदणीचे पैसे वेगळे दाखवून घ्या.