दोघांनाही निवासी शिबिराला पाठवावं का?

प्रश्न: मुलगी १२ वर्षांची, मुलगा ८ वर्षांचा. दोघांना दहा दिवसांच्या निवासी उन्हाळी शिबिराला पाठवायचं मनात आहे. महिनाअखेरपर्यंत सगळं शुल्क भरलं तर १० टक्के सवलत मिळते, पण नंतर रद्द केलं तर निम्मेच पैसे परत मिळतात. मुलगी अधीर झाली आहे, मुलगा मात्र कां-कू करतो. सुटीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांत एकाचंच भागेल. दुसऱ्याचे आपत्कालीन निधीतून काढावेत की क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांवर भरावेत?

उत्तर: दोन्ही करू नका. मुलीचे पैसे भरून टाका, मुलाचे यंदा थांबवा.

आधी सवलतीचं बघू. पूर्ण शुल्क १०० धरा. आत्ता भरलंत तर ९० जातील आणि ऐनवेळी बेत रद्द झाला तर त्यातले ४५ बुडतील. थांबलात तर १० जास्त मोजावे लागतील, पण मूल गेलंच नाही तर खिशातून काहीच जाणार नाही. थोडक्यात, १० वाचवायला ४५ पणाला लावायचे. हिशेब मांडला की दिसतं, रद्द होण्याची शक्यता साधारण १८ टक्क्यांच्या आत असेल तरच आगाऊ भरणं परवडतं. मुलीच्या बाबतीत ती नक्कीच कमी आहे. आत्तापासून कां-कू करणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाबद्दल मी तेवढी खात्री देणार नाही. तापही येतो, आणि निघायच्या आदल्या रात्री रडूही येतं.

आपत्कालीन निधी नोकरी गेली किंवा घरात कोणी आजारी पडलं तर लागतो. शिबिराची तारीख कित्येक महिने आधी ठाऊक असते, त्यासाठी त्याला हात लावू नये. कार्डाचं तर नावच नको. थकबाकीवर महिना ३ टक्के व्याज म्हटलं की चक्रवाढीने ते वर्षाला ४२ टक्क्यांच्या वर जातं. ‘बिनव्याजी’ हप्त्यांतही प्रक्रिया शुल्क लावलेलं असू शकतं, ते तपासा.

मुलीचे पैसे भरण्याआधी एक फोन मात्र कराच. किती मुलांमागे एक मोठं माणूस असतं, आणि रात्री मुलांच्या खोलीपाशी कोण झोपतं, हे विचारा. निवासी शिबिरांसाठी अमेरिकन कॅम्प असोसिएशनचं प्रमाण ९ ते १४ वयाच्या ८ मुलांमागे किमान १ आणि ६ ते ८ वयाच्या ६ मुलांमागे १ असं आहे. हे प्रमाण तुमच्याकडे बंधनकारक नसेलही, पण ताडून पाहायला चांगलं आहे. शुल्क फारच कमी असेल तर काटकसर बहुधा माणसांतच केलेली असते, आणि तिथे ती मला मुळीच चालत नाही. आजारपणामुळे रद्द झालं तर किती पैसे परत मिळतील आणि आयोजकांनीच शिबिर रद्द केलं तर काय, हे लेखी घ्या. प्रवास, बूट, रेनकोट, झोपायची पिशवी यांचा खर्च शुल्कात आहे की वेगळा, तेही विचारून ठेवा.

मुलासाठी यंदा घराजवळचं चार-पाच दिवसांचं, संध्याकाळी घरी परतायचं शिबिर बघा. तिथे रमला तर पुढच्या वर्षीच्या निवासी शिबिराच्या शुल्काचे बारा भाग करून या महिन्यापासूनच वेगळ्या खात्यात टाकायला लागा.

एकाला पाठवलं आणि दुसऱ्याला नाही, ही बोच तुम्हाला लागणार, हे मी समजू शकतो. पण पैसे नाहीत म्हणून तुला पाठवत नाही, असं त्याला सांगू नका. यंदा ताईची पाळी, पुढच्या वर्षी तुला वाटलं तर तुझी, एवढं सांगा.