अपघातात पाय गमावलेल्या मुलाला धर्मादाय संस्थेकडून मिळालेला कृत्रिम पाय कायमचा पुरतो का?

नाही पुरत. वाढत्या वयात तो साधारण ६ ते १२ महिन्यांनी बदलावा लागतो. मोठ्या माणसाचा ३ ते ५ वर्षं चालतो. कृत्रिम अवयव बसवण्याच्या कामात मला हेच दिसतं. मूल वाढतं, पाय वाढत नाही. आधी सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो वाटीसारखा भाग, घट्ट होतो. पाय काढून ठेवल्यावर दहा मिनिटांनीही स्टंपवरचा (उरलेल्या पायावरचा) लाल डाग गेला नाही, तर दाखवायला न्या. सॉकेट थोडा जास्त टिकावा म्हणून सुरुवातीला आत जास्त मोजे घालायला देतात आणि मूल वाढेल तसे ते कमी करतात. लांबीचा प्रश्न मोज्यांनी सुटत नाही, ती वेगळी वाढवून घ्यावी लागते. शिवाय हाड मधूनच कापलेलं असेल तर त्याचं टोक वाढून आतून त्वचेला टोचतं, कधीकधी पुन्हा शस्त्रक्रिया लागते. (गुडघ्याच्या सांध्यातून पाय काढला असेल तर हा त्रास सहसा होत नाही.)

म्हणून पाय घेण्याआधीच संस्थेला विचारा:
- पुढचे सॉकेट मोफत का, आणि कितव्या वर्षापर्यंत? अमेरिकेतली श्रायनर्स रुग्णालयं, उदाहरणार्थ, साधारण वयाच्या १८ वर्षांपर्यंत मुलांवर उपचार करतात.
- चालण्याचा सराव कोण करून घेणार?

एकदाच पाय वाटून जाणाऱ्या शिबिरापेक्षा जवळचं कायमस्वरूपी केंद्र मी केव्हाही निवडेन. मात्र वरचा कालावधी सरासरी आहे. वाढीच्या झपाट्यात सॉकेट चार महिन्यांतही लहान पडतो.