काळ्या मातीतल्या रस्त्यात फूटभर रुंदीचा चर कशाने बुजवावा?

जुळे सोलापुरात तुमच्या गल्लीच्या डांबरी रस्त्यात पाइपसाठी फूटभर रुंदीचा चर खणलाय, ठेकेदार निघालेली मातीच परत लोटतोय. ती चालेल का, नाहीतर काय भरावं, असं विचारलंय तुम्ही.

माती काळी असेल तर साफ नाही म्हणा. ती पाण्याने फुगते. ठेकेदार वाद घालत असेल तर फ्री स्वेल चाचणी (माती पाण्यात किती फुगते ते बघणारी) करून घ्या, स्वस्त असते. 425 मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली 10-10 ग्रॅम कोरडी माती दोन मोजपात्रांत घेतात, एकात रॉकेल ओततात, दुसऱ्यात पाणी. रॉकेलमध्ये ती फुगत नाही. 24 तासांनी पाण्यातली माती रॉकेलमधल्यापेक्षा 50 टक्क्यांहून जास्त फुगलेली दिसली, तर केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या विनिर्देशांनुसार ती भरावाला बाद.

मुरूम चांगलाच, पण कुटला तर. लॅबमध्ये त्याचा सीबीआर (भार पेलण्याच्या ताकदीचा आकडा) कितीही येऊ दे, एवढ्याशा चरात रोलर उतरत नाही. जंपिंग रॅमर (उड्या मारत कुटणारं हातयंत्र) जेमतेम मावतो आणि पाइपच्या कुशीत तोही पोचत नाही. म्हणून अरुंद चराला मटेरियल निवडताना मी आधी बघतो ते कमी कुटाईत किती बसतं. त्यात वाळू किंवा क्रश सँड मुरमाच्या पुढे. फक्त पाणी मारून वाळू बसवायची तर पाण्याला निचरा हवा. दोन्ही बाजूंना काळी माती असली की चराचा हौद होतो आणि कडा मऊ पडतात.

वर्दळीच्या रस्त्यावर माझी पसंती पातळ भरावाला: घनमीटरला 50 ते 100 किलो सिमेंट, बाकी फ्लाय ॲश, वाळू, पाणी. कुटावं लागत नाही, कोपऱ्यात आपसूक शिरतं. राख (फ्लाय ॲश) आपल्याकडे एनटीपीसीच्या वीज केंद्रामुळे जवळच आहे. (नुसती राख मात्र भरू नका, भिजली की वाहून जाते.) ताकद 1 मेगापास्कलच्या आसपासच ठेवा, उद्या गळती निघाली तर ब्रेकर लागायला नको. राखेमुळे ताकद 28 दिवसांनंतरही वाढत राहते, तेव्हा त्यानंतर तपासायलाही क्यूब (चाचणीचे ठोकळे) ठेवा. आणि प्लॅस्टिकचा पाइप यात तरंगतो! वाळूच्या गोण्यांनी दाबून दोन टप्प्यांत ओता.

मुरूमच भरणार असाल तर 15 सेंमीचे थर, आणि डांबर पडण्याआधी डीसीपी (कुटाई तपासायची शंकूची सळई) मारायला लावा: 8 किलोचा हातोडा 575 मिमीवरून पडतो, दर ठोक्याला शंकू किती आत गेला ते मोजायचं. मध्येच तो भसकन खाली गेला, तर तो थर कुटलेलाच नाही. तेवढा उकरून परत भरायला लावा.